ठोक्यानं घेतलेली गाडी

पदोन्नतीच्या जागेवर हजर होण्यासाठी सात दिवसांची मुदत होती. आदेश माझ्या पत्नीच्या नावाचा होता. बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवल्यानंतर तिला मुख्याध्यापकपद मिळालं होतं आणि शाळा सिरसाळ्याची होती. आमचं घर बीड शहरात. घराच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंत बहात्तर किलोमीटर. हे अंतर मी नंतर दोनदा मोजलं.

अंतराची अडचण नव्हती. आमच्याकडे कितीतरी शिक्षक याहून लांबचं अप-डाऊन करतात. अडचण संध्याकाळची होती. माझ्या आईला अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्याकडे बघणारी बाई सात वाजता आपल्या घरी जाते. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. पाच वाजता डेस्कवर जातो आणि शेवटचं पान सुटल्याशिवाय उठत नाही. म्हणजे सातच्या आत पत्नी घरात हवी. शाळा पाचला सुटते. आदेश हातात पडल्यावर दुसऱ्याच दिवशी ती एसटीने सिरसाळ्याला जाऊन आली. परतीला तेलगावला गाडी बदलावी लागली. त्या दिवशी मी रजा घेऊन आईजवळ थांबलो होतो. ती दारात आली तेव्हा आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. चप्पल काढता काढता तिने वेळ सांगितली आणि आईला औषध दिलं का, ते विचारलं.

शिक्षण विभागातल्या लिपिकाने तिला न मागता सल्ला दिला होता. "बाई, नकार लिहून द्या. घरी म्हातारं माणूस हाय म्हणा. लई जणी देतेत."

"मी नकाराचा नमुना मागितला नाही," ती म्हणाली. "हजर होण्याचा द्या."

सात दिवसांतले दोन असे गेले. गाडी लागणार हे उघड होतं. दारात एक चौदा वर्षांची पेट्रोल गाडी होती. तिची देखभाल करणारे मिस्त्री चाचा ती कुठवर चालेल हे प्रामाणिकपणे सांगत. त्यांच्या मते ती बीड शहरापुरती ठीक होती. रोज एकशे चव्वेचाळीस किलोमीटर पेट्रोलवर धावायचं, तर पदोन्नतीची पगारवाढ टाकीतच गेली असती. विजेची गाडी हवी हे त्यावरून ठरलं. ती विकत घेण्याची आमची तयारी नव्हती. घराचे हप्ते अजून चालू होते, शिवाय तीन वर्षांनी बीडजवळच्या शाळेसाठी अर्ज करण्याचा पत्नीचा विचार होता. गाडीची गरज तीन वर्षांची होती. म्हणून लीजचा विचार आला. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, विमा आणि दुरुस्ती कंपनीची, मुदत संपली की गाडी परत.

मी कागदावर रकाने आखले. डेस्कवरची सवय आहे, दोन बातम्या एकमेकींशी जुळत नसतील तर त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या. पहिली कंपनी सगळ्यांत स्वस्त होती. तिच्या प्रतिनिधीचा फोन अकरा मिनिटं चालला. दहाव्या मिनिटाला त्याने विचारलं, "सर, पुण्यात कुणी नातेवाईक आहेत का?"

"भाचा आहे. का?"

"मग झालं! बीडचा पिनकोड आमच्या यादीत येत नाही. पत्ता त्यांचा टाकू."

"गाडी वडवणीच्या पुढे बंद पडली तर मदत कुठून येईल?"

"पुण्याहून, सर."

त्या रकान्यावर मी काट मारली. फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, "पुण्याहून मदत येईस्तोवर मी निवृत्त होईन."

दुसरा प्रस्ताव एका विक्रेत्याचा होता. गाडी आपल्या मालकीची, बॅटरी मात्र त्यांची. बॅटरीचं भाडं जितके किलोमीटर चालवाल तितकं. कमी चालवणाऱ्याला हे परवडतं. आमचा उलट हिशेब होता, आणि तीन वर्षांनी बॅटरी नसलेली गाडी आमच्याकडेच राहणार होती.

तिसरा प्रस्ताव संभाजीनगरच्या एका लीज कंपनीचा होता. त्यांचा माणूस बीडला येत होता, गाडी रस्त्यात अडली तर उचलून नेण्याची सोय जिल्ह्यात होती आणि दरमहा रक्कम पहिल्या कंपनीपेक्षा थोडीच जास्त होती. वर्षाला छत्तीस हजार किलोमीटरची मर्यादा. त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला वेगळा आकार, आणि तो आकार जबर होता. मी शाळेचे दिवस मोजले. सुट्ट्या वजा करून दोनशे तीस धरले. दोनशे तीस गुणिले एकशे चव्वेचाळीस म्हणजे तेहेतीस हजार एकशे वीस. दोन हजार आठशे ऐंशी किलोमीटर शिल्लक राहत होते. मी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. माझ्या लेखी काम संपलं होतं.

तो रविवार होता, मुदतीचा चौथा दिवस. त्याच वेळी माझा चुलतभाऊ आला. तो बीडजवळच पालीला राहतो, धरणाच्या अलीकडे, आणि शेती करतो. आल्या आल्या त्याने हात पुढे केला.

"दादा, किल्ली दे बरं. नारायणगडाला जाऊन येतो. सासू-सासरे आलेत."

मी कागदावरून नजर न उचलता खुंटीवरची किल्ली काढून त्याला दिली. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर पत्नीने माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला आणि वरून खालपर्यंत वाचला.

"हे यात कुठं आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"आता जे झालं ते."

माझ्याकडे वही होती. कार्यालय पूर्वी आम्हाला कामाच्या प्रवासाचे पैसे किलोमीटरवर देत असे, तेव्हापासून मी गाडीची वही ठेवतो. तारीख, कुठून कुठे, मीटरचा आकडा, कारण. पैसे मिळणं बंद झालं तरी वही चालू राहिली. मी मागच्या वर्षाची पानं काढली आणि आम्हा दोघांचा प्रवास एका बाजूला, उरलेला दुसऱ्या बाजूला लिहीत गेलो. चुलत्याचा मोतीबिंदू. शेजाऱ्यांच्या मुलीची परीक्षा, लातूरला, दोनदा. मेहुण्याच्या मित्राचा साखरपुडा. पालीच्या विहिरीवरची पाण्याची मोटार दुरुस्तीला नेली ती आमच्या डिकीतून, आणि आणली तीही. कारणाच्या रकान्यात कितीतरी ठिकाणी माझ्याच अक्षरात फक्त 'किल्ली दिली' असं होतं. त्या गाडीत आमच्यापैकी कुणीही नव्हतं. इतरांच्या प्रवासाची बेरीज अकरा हजारांवर गेली.

आमच्याकडे दारातली गाडी एका घराची नसते. भावकी, शेजार आणि ओळखीपाळखीतली माणसं ती हक्काने मागतात, आणि देणाऱ्याच्या मनात नाही म्हणायचं येत नाही. मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या आहेत. स्वतःच्या कागदात मी एक आख्खा रकाना गाळला होता, कारण किल्ली देणं हा प्रवास आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"मर्यादा दहा महिन्यांत, दिवाळीच्या आसपास संपेल," मी म्हणालो. "पुढच्या किलोमीटरचा आकार आपल्याला झेपणार नाही."

"म्हणजे मी पुन्हा एसटीत."

"हो."

तिने करारनामा मागितला. मी दर आणि मर्यादा पाहिल्या होत्या, तिने तो पहिल्या पानापासून वाचला. शाळेच्या बाई वाचतात तसा, ओळीखाली पेन्सिल धरून. सातव्या पानावर पेन्सिल थांबली. करारात नोंदवलेल्या दोन चालकांखेरीज इतर कुणाच्याही हाती गाडी देता येणार नाही, असं तिथे होतं. तसं करताना अपघात झाला तर विमा लागू नाही.

"दोन नावं," ती म्हणाली. "एक माझं, एक तुमचं. भाऊजी येऊ द्या."

"मी सांगतो त्याला."

"तुम्ही नका. तुम्ही पुन्हा खुंटीकडं हात न्याल."

चुलतभाऊ दुपारी तीनला परतला. त्याने किल्ली खुंटीला लावली आणि गडावरचा प्रसाद आईच्या उशाशी ठेवला. पत्नीने त्याला पाणी दिलं आणि उभ्यानेच सांगितलं, "भाऊजी, दोन गाड्यांचा खर्च झेपत नाही, ही जुनी या महिन्यात विकणार. नवी येईल तिची किल्ली कुणाला देता येणार नाही. तुम्हालासुद्धा."

"कावून? आमी काय गाडी इकून खाणार हाव का?"

"गाडी आपली नाही. कंपनीची आहे. चालवायला दोनच नावं आहेत."

"मग तिसरं माझं टाका की." तो माझ्याकडे वळला. "दादा, सांग ना बे हिला." बे हा शब्द तो मोठ्या भावाला सहसा वापरत नाही. त्याला लागलं होतं.

पत्नीच बोलली. "तिसरं नाव टाकलं की चौथं येईल. दिवाळीला वर्षाचे किलोमीटर संपतील आणि मी एसटीनं साडेआठला घरी येईन. सात ते साडेआठ मामींपाशी कोण बसणार? तुम्ही येणार का रोज पालीहून?"

मामी म्हणजे माझी आई. ती जागी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. चुलतभावाने तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हंजे ठोक्यानं घेतली म्हणा की," तो म्हणाला.

आमच्याकडे शेत दुसऱ्याला देण्याच्या दोन रीती आहेत. बटईत पिकाची वाटणी होते. ठोक्यात वर्षाची रक्कम आधीच ठरते आणि पीक कसणाऱ्याचं. चुलतभाऊ स्वतःच्या दोन एकरांबरोबर शेजारचं चार एकर रान ठोक्यानं करतो.

"तसंच," पत्नी म्हणाली.

"असं सरळ सांगायचं ना मग. करार, दोन नावं, काय न् काय." तो मोकळा झाला होता. "माझ्या ठोक्याच्या रानात बांधावर बाभळी हायेत. तीन वर्षं झाली, एक फांदी तोडली न्हाई. कुणी सरपणाला मागाया आलं की सांगतो, पीक माझं हाय, झाड मालकाचं. पुन्हा कुणी मागत न्हाई." मग माझ्या कागदावरचा दुसरा रकाना पाहून त्याने बॅटरीचं भाडं किलोमीटरवर घेणाऱ्या विक्रेत्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. "म्हंजे गाडी मालकीची अन् बॅटरी बटईनं? बैल आपला अन् पाय लोकाचे!"

जाताना तो फाटकात थांबला. "वहिनी, पण कुणी आजारी पडलं तर?"

"रात्री दोनला हाक मारा. किल्ली मिळणार नाही, गाडी मिळेल. चालवायला मी येईन."

"अन् आमी मागं बसायचं?"

"पुढं बसा. पट्टा लावून."

पाचव्या दिवशी लीज कंपनीचा माणूस चाचणीची गाडी घेऊन आला. मी मिस्त्री चाचांना बरोबर घेतलं. पत्नीने चालवली. एसी पूर्ण चालू ठेवून आम्ही चौघे सिरसाळ्याला गेलो आणि आलो. निघताना बॅटरी शंभर टक्के होती, परत फाटकात आलो तेव्हा एकेचाळीस. चाचा येताना-जाताना गतिरोधक मोजत होते.

"बाई, हिच्या पोटात बॅटरी हाय," ते म्हणाले. "गतिरोधकावर सरळ नका घालू, तिरकी घ्या. अन् गाडी आली की त्याच दिवशी खालून-वरून फोटू काढून ठेवा. परत घेताना हे लोक साडीच्या दुकानावानी बघत्यात, डाग कुणाचा म्हणून." मग बोनेट उघडून ते थोडा वेळ आत पाहत राहिले. "हित माझ्या हाताला कामच न्हाई की."

शाळेच्या आवारात कंपनीच्या माणसाने वर्गाबाहेरचा विजेचा बोर्ड दाखवला. अडीनडीला इथे चार्जिंग करता येईल, असं तो म्हणाला. पत्नीने नाही म्हणून सांगितलं. त्या बोर्डाचं बिल मुलांच्या शाळेचं होतं. एकेचाळीस टक्के उरतात, अडीनडी येणार नाही, असं तिने त्याला दाखवून दिलं.

सहाव्या दिवशी तिने करारावर सही केली. सातव्या दिवशी ती एसटीने जाऊन हजर झाली. गाडी यायला अठरा दिवस लागले. तेवढे दिवस मी डेस्कवरून रजा घेतली आणि संध्याकाळी आईजवळ बसलो. चुलतभावाने दरम्यान भावकीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. गाडी दारात लागली त्या दिवशी चौघे जण बघायला आले, दोघांनी आत बसून पाहिलं, किल्ली कुणी मागितली नाही. एका काकांनी मात्र विचारलं, ठोका किती वर्षांचा.

वही आता पत्नी लिहिते. तिने एक रकाना वाढवला आहे, घरी पोचण्याची वेळ. पहिल्या महिन्यात तिथे सहा अडतीस, सहा एकेचाळीस, सहा पस्तीस असे आकडे आहेत. एकदा उसाच्या ट्रॉल्यांमुळे सहा सत्तावन्न. सातच्या पुढे एकही नाही.

इतरांसाठीच्या प्रवासाची त्या महिन्यात एकच नोंद आहे. रविवार. बीड ते पाली ते जिल्हा रुग्णालय ते घर, चोवीस किलोमीटर. कारण, धाकट्या जावेचं बाळंतपण. त्याखाली 'चालक' असं लिहून पुढे तिने स्वतःची सही केली आहे.