शेवटच्या शब्दाचा अर्थ

फोन आला तेव्हा मी राळेगावच्या बसस्थानकावर यवतमाळच्या गाडीची वाट बघत उभा होतो. पलीकडे सलीम सरांचा जावई होता. "काका, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मिट्टी आजच आहे असं सांगून त्याने फोन ठेवला. दोन गाड्या बदलून आर्णीला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. कब्रस्तानातून माणसं परतायला लागली होती. कुणीतरी मला वाट करून दिली, मी मूठभर माती टाकली आणि काय करायचं ते न सुचून तिथेच उभा राहिलो... आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. उभी नोकरी एका स्टाफरूममध्ये आणि उभा संसार एका गल्लीत झाला. ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडून आमच्याकडे यायचा, जयंतीची खीर आमच्याकडून त्यांच्याकडे जायची.

सलीम सरांचे वडील मोटार मेकॅनिक होते. घरात इंग्रजीचा गंध नव्हता, आणि म्हणूनच की काय, ती भाषा ते एकेक नटबोल्ट सुटा करून शिकवत. तास सुरू झाला की फळ्यावर एक शब्द. अर्थ शब्दकोशातून सांगायला मनाई. "तो तुमच्या घरात शोधा," असं ते मुलांना सांगत. एकदा त्यांनी 'स्केअर्स' लिहिलं आणि त्याचा अर्थ टंचाईशी नेऊन भिडवला. तांड्यावरून पायी येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मे महिन्यात आमच्या तांड्यावरचं पाणी." सरांनी विचारलं, "अन् याच्या उलट?" ती म्हणाली, "पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरचं पाणी." हे सांगताना स्टाफरूममध्ये ते किती हसले होते! मग त्या शब्दाच्या जवळचा शब्द, मग विरुद्ध शब्द, आणि सगळा वर्ग मोठ्याने म्हणणार. एकट्या शब्दाला मुलं विसरतात, जोडीने दिला की विसरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुपारच्या सुट्टीत पटांगणाच्या दुसऱ्या टोकालाही त्या जोड्या ऐकू यायच्या.

सरांच्या बायकोला, जुबेदाभाभींना मात्र त्यातला एकही शब्द येत नव्हता. त्या सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या. सर थट्टेने म्हणायचे, सारा तालुका शिकला, माझंच घर कोरं राहिलं. भाभी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या, "मले काय कराचं तुमचं इंग्रजी? मी काय गायी-म्हशीशी इंग्रजीत बोलू?"

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात लिहिता लिहिता त्यांच्या हातातला खडू पडला. तो उचलायला वाकले ते खालीच राहिले. यवतमाळच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. घरी आणल्यावर कित्येक दिवस ते छताकडे बघत पडून असत. समोरच्याचं बोलणं कळायचं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसे. बोलता मात्र येत नसे... एका सकाळी भाभी धावत माझ्याकडे आल्या. "भाऊ, हे बोलून राह्यले! पण काय बोलून राह्यले ते मले समजून नाही राह्यलं."

मी गेलो. सर ओढून ओढून म्हणत होते, "हॉट... हॉट." म्हणजे गरम होतंय, असं मी सांगितलं. भाभींनी अंगावरची दुलई काढली, पंखा लावला. सर कुडकुडायला लागले. डावा हात हवेत हलवत पुन्हा तेच, "हॉट, हॉट," आणि डोळ्यांतून पाणी. मला उमगायला वेळ लागला. "सर, थंडी वाजून राह्यली का?" त्यांनी मान हलवली. भाभींनी दुलई पांघरली आणि पदरात तोंड खुपसून रडल्या.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी समजावलं की डोक्यात शब्द शेजारी शेजारी ठेवलेले असतात. यांना हवा तो शब्द माहीत आहे, पण काढताना हात शेजारच्यावर पडतो. आणि इंग्रजीच का परत आली? ते म्हणाले, नक्की कुणी सांगू शकत नाही, रोज मोठ्याने घोकलेलं काही वेळा तेवढं उरतं. घरी ज्या बोलीत भांडले, हसले, मुलीला निजवलं, ती बोली पार पुसली गेली होती. गाडीत भाभी म्हणाल्या, "माह्याशी बोलाची भाषाच गेली यांची. आता मीच शिकतो. शिकवा मले."

संध्याकाळी मी सरांच्या खाटेजवळ बसून भाभींना शिकवू लागलो. माझं इंग्रजी बेताचंच. पण पद्धत सरांचीच ठेवली. शब्द, अर्थ, जवळचा शब्द, उलटा शब्द. भाभींना सगळ्यात गरज उलट्याची होती, कारण नवऱ्याचं बोलणं त्याशिवाय कळणार नव्हतं. 'एम्प्टी' म्हणजे काय? "बाजार उठल्यावरची जागा," त्या म्हणाल्या. 'कोल्ड'ला त्या 'कोल्ट' म्हणायच्या आणि सर डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर टकटक करायचे, बरोबर येईपर्यंत. अर्ध्या ओठाने हसायचे. तेवढा वेळ त्या खोलीत वर्ग भरल्यासारखा वाटायचा... एकदा 'टायर्ड' आला. अर्थ त्यांनी पटकन सांगितला, जवळचा शब्दही. उलटा कोणता, असं विचारल्यावर त्या कितीतरी वेळ खाटेखालच्या भांड्याकडे बघत राहिल्या. "तो नाही माहीत मले," म्हणाल्या. मीही पुढे विचारलं नाही.

दिवाळीनंतर सरांचे शब्द थोडे जागेवर यायला लागले. थंडीला 'कोल्ड', भाकरीला 'ब्रेड'. मधूनच एखादा उलटा निघायचा, पण पूर्वीइतका नाही. आम्ही त्या सुधारणेवर खूश होतो. आता वाटतं, तसाच्या तसा सगळा उलटा राहिला असता तर बरं झालं असतं.

चाळिसावं झाल्यावर मी भेटायला गेलो. नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर न येण्याचा काळ, इद्दत, चालू असल्यामुळे भाभी दाराच्या पडद्याआड बसल्या होत्या, मुलगी अलीकडे. चहा आला. बरंच बोलणं झालं, जावयाच्या दुकानाचं, माझ्या गुडघ्यांचं. मग पडद्यामागून त्यांनी सर गेले त्या दुपारचं सांगितलं. सरांना अस्वस्थ वाटत होतं. त्यांनी भाभींचं मनगट धरलं होतं. गच्चीवर कपडे वाळत होते. भाभी म्हणाल्या, येतो कपडे घेऊन. सर म्हणाले, "गो." म्हणून त्या गेल्या. परत आल्या तेव्हा मान एका बाजूला कलंडली होती.

"भाऊ," पडद्यामागचा आवाज म्हणाला, "तो 'गो' सीधा होता का उलटा?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"उलटा काय त्याचा, सांगा न."

"स्टे."

"म्हंजे थांब."

"हो."

"हात तं सोडला होता त्यांनी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "का मीच सोडवून घेतला, ते आता मले आठवून नाही राह्यलं."

सांत्वनाची वाक्यं मला येत नाहीत असं नाही. जन्मभर मुलांना निबंध लिहायला शिकवलं. 'जा' असंच म्हणाले असतील, शब्द सुधारले होते त्यांचे, असं मी म्हणालो. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्या दुपारी नक्की काय म्हणायचं होतं हे सांगू शकणारा एकच माणूस होता... खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. तिच्या जागी फरशीचा रंग वेगळा दिसत होता.

मी उठलो. "येतो, भाभी."

"चालले न तुम्ही?"

"हो."

"मग येतो काहून म्हणता?"

त्या खरोखरच विचारत होत्या. "अशीच पद्धत आहे, भाभी," मी म्हणालो.

मुलगी मला सोडायला फाटकापर्यंत आली. "काका, अम्मी आता सगळ्याइलेच असं विचारते," ती हळूच म्हणाली. "काल माहा लहाना जेवतानी 'नको' म्हणे. तर ही घास हातात धरून तशीच बसली. नको म्हंजे नकोच न बेटा, नको म्हंजे नकोच न... असं विचारतच राह्यली. घास पार सुकून गेला, पण खाली ठेवला नाही तिनं."