अक्कांची रांगोळीची गाडी

आमच्या अक्कांना समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय बोलता येत नसे. फोन आला की रिसीव्हर कानाला लावून त्या नुसत्या मान हलवत. पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करून दमला की रिसीव्हर माझ्या हातात देत नि म्हणत, “तूच बोल गो. तो कसा बघतो ते कळत नाही.” भावाच्या स्कूटरवर मागे बसल्या असताना काही सांगायचं आलं, तर त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणत, “इकडे बघ.” तो एकदा बघायला गेला आणि अड्यारच्या पुलाआधी दोघंही स्कूटरसकट फुटपाथवर चढली. तेव्हापासून स्कूटरवर अक्का गप्प.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तंजावरकडचं मराठी घराणं. रेल्वेच्या कचेरीत नोकरी करून त्यांनी दोन्ही भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, आणि या सगळ्यात स्वतःचं करायचं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे वेलचेरीला आल्या. मी सांगलीची. इतकी वर्षं चेन्नईत काढूनही आपलं मराठी कसं शुद्ध राहिलं, याचा मला त्या काळी भलताच ताठा. अक्का ‘आहे’ला ‘अहा’ म्हणत, ‘सगळे’ला ‘अस्की’, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द असा घालत की जणू तो आपल्याच घरचा. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांसमोर त्या बोलायला लागल्या की मी लगबगीने बशा आवरायला घेई. अर्धं खाल्लेलं उप्पीटसुद्धा मी बायकांच्या हातून काढून घेतलेलं आहे.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. दोघा भावांनी मिळून मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. आम्ही चौघं, खालच्या मजल्यावर धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी, आणि अक्का. जुन्या गाडीत कितीही कोंबलं तरी एक माणूस उरायचं, आणि ते माणूस नेहमी अक्काच असायच्या. “घर कोणी राखायचं मग?” असं म्हणून दारात उभ्या राहून त्या आम्हाला हात हलवत. पण नव्या गाडीची गोष्ट निघाली तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं. म्हणाल्या, “रंग कुठला पण घ्या. घर राखायला कोणी उरायचं नाही, अशी घ्या.”

पहिल्या शोरूममध्ये जी गाडी होती, तिच्या मागच्या भागात दोन बाकं समोरासमोर होती. मागचं दार उघडून अक्का नऊवारी सावरत आत चढल्या आणि टाय लावलेल्या विक्रेत्या मुलाला म्हणाल्या, “ये, समोर बस.” तो बिचारा बसला. अक्कांनी पिशवीतून मुरुक्क्यांचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा काढला, त्याला दोन दिले, त्याचं गाव विचारलं, आईच्या गुडघ्यांना कुठलं तेल लावतात ते विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सुमे, ही गाडी अहा बघ. जाताना अस्क्यांची तोंडं दिसतात. पंगतीसारखं.” मी टायर बघत होते. टायरमधलं मला काहीही कळत नाही, पण इतक्या बारकाईने टायर बघणारी बाई त्या शोरूमने पाहिली नसेल.

मला आवडली ती दुसऱ्या शोरूममधली. मधल्या रांगेत दोन ऐसपैस खुर्च्या, त्यांना हात टेकायला दांड्या, थंड हवेची भोकं थेट मागेपर्यंत. त्यामागे तिसरी रांग, तीही पुढे तोंड केलेली, सभ्य. आसनं सात. त्या खुर्चीत बसून मी मनातल्या मनात मंडळाच्या हळदीकुंकवाला जाऊन, दार लावून, गॉगल डोक्यावर सरकवून परत आले. समोरासमोरच्या बाकांची ती गाडी मला आता पोलिसांची दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गच्चीवर. दारातली रांगोळी झाल्यावर उरलेलं तांदळाचं पीठ घेऊन त्यांनी गच्चीभर एक गाडी काढली होती. पुढे दोन चौकोन, मध्ये तीन, मागे दोन लांब बाकं. बॉनेटवर कमळ. आम्हा सगळ्यांना वर बोलावून त्यांनी जागच्या जागी बसवलं. धाकट्या दिरांनी तोंडाने हॉर्न वाजवला. अक्का मागच्या बाकावर बसून समोरच्या मुलांना हरभरे वाटू लागल्या, आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या दोन तमिळ मामी हातातलं काम टाकून कठड्याशी आल्या. एकीने तमिळमध्ये विचारलं, कुठे निघालात? “तंजावर,” अक्का म्हणाल्या, “आणखी एक जागा अहा, येता का?”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी उठले, आणि जे केलं ते आजही पायाच्या तळव्याला आठवतं. मागची दोन्ही बाकं मी पायाने पुसली. वाटीतलं पीठ घेऊन तिथे पुढे तोंड केलेले चौकोन काढले, मधले तीन पुसून दोन केले. “हे असं आहे,” मी शुद्ध मराठीत म्हणाले, “मोठ्या शहरात लोक असल्या गाड्या घेतात. मुलं लहान आहेत, एखादं मांडीवर बसेल.” माझा मुलगा तेव्हा नववीत होता आणि बापाच्या वर गेला होता.

सगळे पुन्हा बसले. अक्का रेषेच्या बाहेर उभ्या होत्या. दोघे भाऊ माझ्याकडे बघत होते, मी बॉनेटवरच्या कमळाकडे. अक्काच म्हणाल्या, “हीच घ्या. मी बसनं येते. बसला खिडकी मोठी असते.”

घेतली. तंजावरला आम्ही गाडीने गेलो आणि अक्का आदल्या रात्री बसने. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी तिथे कॉफी करून ठेवली होती. “गाडी लांबून फार छान दिसते गो,” त्या म्हणाल्या. “आतून कशी अहा?”

मग मंडळाची कोवलमची सहल निघाली; केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं समुद्रकाठचं कोवलम. मी अर्थातच गाडी देऊ केली. त्या दिवसापुरता ड्रायव्हर सांगितला, मी आणि मंडळातल्या पाच बायका. जेवण अक्कांनी केलं होतं, चिंचेचा भात नि दहीभात, आणि त्यांनाही मंडळाने आग्रहाने बोलावलं होतं. निघताना लक्षात आलं की तिसरी रांग उघडली की मागे छत्रीपुरतीसुद्धा जागा उरत नाही. घेताना सात आसनांच्या मोहात हे मी पाहिलंच नव्हतं, आणि तंजावरला बॅगा मांडीवर घेऊन भागलं होतं. डबे कुठे ठेवायचे? अक्कांनी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि बसच्या थांब्याकडे चालू लागल्या. आमचं सगळ्यांचं जेवण बसने निघालं.

तिरुवान्मियूरच्या सिग्नलला आम्ही थांबलो आणि शेजारी एक बस येऊन उभी राहिली. खिडकीत अक्का. मांडीवर आमचा भात. त्यांना वरून आमची गाडी दिसली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. “सुमे, अगो सुमे,” हात बाहेर काढून त्या हाका मारू लागल्या, पुढे तमिळमध्ये शेजारणीला सांगू लागल्या की ही आमची गाडी. काच बंद असूनही सगळं ऐकू येत होतं. सगळी बस आमच्याकडे बघत होती.

मी मान वळवली. पलीकडे साड्यांचं दुकान होतं, ते अजून उघडलेलं नव्हतं. त्याचं लोखंडी शटर मी सिग्नल सुटेपर्यंत बघत राहिले.

कोवलमला होड्यांच्या सावलीत अक्का पानं मांडून बसल्या होत्या. अक्का वाढत असताना एकीने विचारलंच, “मघाशी बसमधून हाका मारत होत्या त्या तुम्हीच ना?” अक्का तिच्याकडे बघून हसल्या, नि तमिळ आया लेकराला लाडाने म्हणतात तसं म्हणाल्या, “मी तर बसमध्ये झोपले होते, कण्णा. कोवलम आल्यावर कंडक्टरनं उठवलं.” आणि माझ्या पानावर आणखी भात वाढला.

पुढे वर्षभराने तंजावरच्या त्यांच्या चुलतबहिणीचे यजमान गेले. तिला सोबत हवी म्हणून अक्का कायमच्या तिकडे निघाल्या. एग्मोर स्टेशनवर सोडायला आम्ही दोघंच. मी म्हटलं, “अक्का, आज तरी पुढे बसा.” मधल्या खुर्च्याही रिकाम्या होत्या. त्या म्हणाल्या, “मागे बसते. मागच्या माणसाला काय दिसतं, बघू.” मधली खुर्ची वाकवून, गुडघे धरत, कण्हत त्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग मागून आवाज आला.

“इथून मानाच दिसतात.”

आम्ही हसलो.

“सुमे, ही तुझी मान मी आधी बघितली अहा. डावीकडे तीळ. कोवलमला जाताना, बसमधनं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवायला काय करू, विचारावं तशा त्या म्हणाल्या. मी मागे वळले नाही. पट्टा लावला होता, हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिलं. तोंड दिसल्याशिवाय न बोलणाऱ्या अक्का आयुष्यात एकदाच मानेशी बोलल्या, त्या माझ्या. मला तोंड दाखवावं लागू नये, एवढ्यासाठी त्या गुडघे सोलत मागे गेल्या होत्या, हे मला स्टेशन आल्यावर समजलं. फलाटावर त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि डब्यात बसल्या. खिडकी मोठी होती. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही, फोन तर नाहीच. दोन वर्षांनी गेल्याचं कळलं.

परवा मुलगा नवी गाडी बघायला आम्हाला घेऊन गेला. पुन्हा तीन रांगांची. “आई, तुला काय वाटतं?” त्याने सहज विचारलं. मी पदर खोचला, मधली खुर्ची वाकवली आणि गुडघे धरत तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. विक्रेत्या मुलाला म्हटलं, ये, शेजारी बस, आणि पर्समधला मुरुक्क्यांचा डबा काढला. बाहेर सूनबाई अतिशय लक्ष देऊन टायर बघत होती.

मान छान आहे तिची. मी अजून तरी काही बोललेले नाही.