सासरचा झरा, माहेरचा डोंगर

आमच्या पाड्यामागचा डोंगर बघून नवखा माणूस म्हणतो, वा, काय राखलाय! राखला मीच. त्याच्या पायथ्याचा झरा मात्र होळीच्या आधीच आटतो. सून म्हणाली होती, "आये, औंदा झरा टिकला तर मी घरीच राहीन. नाहीतर पोरीला घेऊन वीटभट्टीवर जाते." नात यंदाच शाळेत जायला लागलीय. भट्टीवर कसली आलीय शाळा.

तर राखल्याची गोष्ट. मी तेव्हा नवी नवरी होते, अंगानं काडी आणि जिभेनं कोयता. झरा तेव्हा उन्हाळाभर चालायचा, फक्त दरसाल थोडा बारीक व्हायचा. एका संस्थेचे लोक आले नि म्हणाले, डोंगरावरची झाडं छाटू नका, पाणी मुरेल. मला त्यातलं निम्मं कळलं आणि मी पाड्याला दुप्पट सांगितलं.

पण आमच्याकडे राबाशिवाय नागली नाही. ऐनाच्या फांद्या तोडून वाफ्यावर पसरायच्या, वर शेण-माती टाकायची, भाजायचं, मग त्यात रोप. फांद्या नाहीत तर रोप नाही. बैठकीत एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "मग राब कशाचा भाजायचा गं नवरीबाय? तुझ्या केसांचा?"

सगळे हसले. मी पदर खोचला. "माझ्या माहेरचा डोंगर हाय की! लेकीला कोण नाय म्हणतं?"

माहेर लांब नव्हतं. दोन डोंगर एकमेकांना चिकटलेले, मधे नुसती खिंड. आमच्यात लेक राबाला आली तर तिला रिकामी पाठवत नाहीत. भावानं खुशाल झाडं दाखवली. मी एकटी थोडीच गेले? मागून पाड्यातल्या सगळ्या बायका, कोयते घेऊन, गाणी म्हणत. डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन खिंड उतरताना मला वाटायचं, काय माझी अक्कल! सासरचा डोंगर हिरवा, माहेरचा फुकट. कुणी लुगडं-चोळी देऊन सत्कार केला असता तरी मी लाजले नसते.

पुढं आमच्या डोंगरावर चर खोदले, दगडी बांध घातले, पायथ्याला ‘राखलेला डोंगर’ अशी पाटी लागली. पाहुणे येऊन फोटो काढू लागले. झरा तरी दरसाल बारीकच. मी म्हणायची, "झाडं लहान हायत, तहानलेली हायत. मोठी झाली की देतील." झाडं मोठी झाली. मग म्हणायची, "अजून मुळं खोल जायचीत." माझ्याकडे पाण्याची टंचाई होती, उत्तरांची नव्हती.

मग रस्त्यासाठी माहेरच्या डोंगरावर जेसीबी लागला. त्या पावसात आमच्या झऱ्याला लाल पाणी आलं. लाल मुरूम आमच्या डोंगराला नाहीच, तो तिकडचा. मी हंडा घेऊन तशीच बसून राहिले. इतकी वर्षं झऱ्याला पाणी पाजत होता तो माहेरचा डोंगर, आणि त्यालाच आम्ही गाणी म्हणत बोडका केला होता.

भावाकडे गेले. म्हटलं, "दादा, आता तुझा डोंगर राख."

"बाय, राखायला उरलंय काय? खुंट?"

"खुंटाला फूट येते."

"येते ना. तीच आम्ही राबाला कापतो." तो हसत होता, पण विडी काही पेटवेना. "बरं, राखतो. तू तुझ्या डोंगरातून आमाला राब दे. भरलाय की चांगला."

खरं तेच बोलला होता. मी खिंड उतरून आले नि पाड्याला बैठकीला बसवलं. माहेरच्यांना मोजकी झाडं छाटू द्या म्हटलं, तिकडच्या खुंटांना फूट येईल, झरा परत येईल.

"राखलेला डोंगर छाटायचा?" बायका माझ्यावरच तुटून पडल्या. "पाणी कसं मुरेल मग? म्हातारी झाली नि अक्कल गेली काय, आजी? पाटी लागलीय आपली!"

माझीच वाक्यं, माझाच ठसका, पदर खोचायची पद्धतसुद्धा माझीच. इतकं पक्कं शिकवलं होतं मी. त्या जुन्या म्हाताऱ्याची आठवण आली. तो असता तर पोट धरून हसला असता, आणि मीही.

यंदा तर संक्रांतीलाच झरा गेला. सुनेनं बोचकं बांधलं. नातीनं दप्तरही घेतलं. निघायच्या आधी सून टँकरवर भांडून एक हंडा भरून आली, दाराशी ठेवला नि वर ताट झाकलं.

"आये, जपून वापर हां."

"जपायचं?" मी म्हटलं. "त्यात तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाय."

ती हसली नाही. पोरीचं बोट धरून पाटीजवळून पुढं गेली. मी डोंगराखाली बसलेय. सावली मात्र फार गार आहे.