आधी खोली, मग माणूस

‘श्रवणपरीक्षक श्री. सुकदेव देवरे यांची श्रवणशक्ती अखेरच्या काळात मंदावली होती. नव्या हेडफोनच्या चाचणीत, ज्या खोलीतील शेकडो ध्वनिफिती त्यांनी स्वतः तपासल्या होत्या, ती खोलीही त्यांना ओळखता आली नाही. तरीही संस्थेने त्यांना सन्मानपूर्वक निरोप दिला.’

आमच्या बोलत्या ग्रंथालयाच्या स्मरणिकेत चिटणीसांनी हे छापले आहे. वाक्ये तीन आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. दुरुस्तीचे पत्र मी दोनदा पाठवले. ‘आता वाद कशाला, सर?’ एवढेच उत्तर आले. वाद मलाच घालायचा आहे, कारण त्या चाचणीला हजर असलेल्यांपैकी चिटणीस आणि मी असे दोघेच आज उरलो आहोत, आणि चिटणीसांना तिथे काय घडले ते तेव्हाही कळले नव्हते.

तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत स्वस्त आहे. सन्मानपूर्वक निरोप म्हणजे काय? शाल नव्हती, नारळ नव्हता. चहा होता. तो देवरे आप्पांनी घेतला नाही.

आप्पा देवळ्याकडचे. देवीच्या साथीत चौथ्या वर्षी दृष्टी गेली. नाशिकला एका सरकारी कचेरीत ते टेलिफोन ऑपरेटर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही काही जणांनी अंधांसाठी पुस्तके कॅसेटवर वाचून घेण्याचे काम काढले, तेव्हा वाचकांपैकी पहिली माझी पत्नी मालती होती आणि तिला नापास करणारे पहिले परीक्षक आप्पा होते. शाळेत तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईंना त्यांनी पहिल्या रविवारी अर्ध्या पानावर थांबवले.

‘‘बाई, आवाज शे, मानूस नही.’’

शे म्हणजे आहे. एरवी आप्पा साधारण आमच्यासारखेच बोलत. निकाल द्यायची वेळ आली की कधी कधी अहिराणीत जात.

‘‘म्हणजे काय?’’ मालती म्हणाली.

‘‘म्हणजे तुम्ही वर्गाला वाचून दाखवता. ऐकणारा एकटा हाय. त्याच्या शेजारी बसा.’’

मालती दोन दिवस त्यांच्यावर चिडून होती आणि तिसऱ्या दिवशी तसे वाचू लागली. पुढे बारा वर्षे दर रविवारी दहाच्या सुमारास आप्पांची काठी आमच्या इंदिरानगरच्या घराच्या पायरीवर वाजत असे. ते खोलीच्या कोपऱ्यात बसत, मालती खिडकीपाशी वाचत असे, मी रेकॉर्डर सांभाळत असे. ‘‘आज बाई भांडून बसल्यात,’’ ते मध्येच म्हणत. ‘‘तुमच्या सरांशी,’’ मालती म्हणे. ‘‘दुसऱ्या कोणाशी भांडू? दुसरं कोणी ऐकून घेत नाही.’’ हे सगळे फितीवर येई आणि मला पुन्हा मागे जावे लागे.

चिटणीसांचा असाही एक लाडका समज आहे की आप्पांना रशियन हेडफोन आवडत ते माझ्या मैत्रीखातर. तेव्हा हेडफोनविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ओझरच्या विमान कारखान्यात मी नोकरीला होतो. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षणासाठी रशियात गेलो, तेव्हा उरलेल्या रूबलांत तो नग मी घेतला. साध्या हेडफोनमध्ये कागदी शंकू असतो आणि त्याला मधोमध ढकलतात, म्हणून मधला भाग आधी हलतो आणि कडा मागाहून. या हेडफोनमध्ये चुंबकांच्या मधोमध एक सपाट पडदा ताणलेला आहे. तो अतिशय पातळ असून त्यावर धातूच्या रेघा आहेत, आणि तो सगळाच्या सगळा एकदम हलतो. हे मी आप्पांना पंधरा मिनिटे समजावले. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

‘‘कांद्याचा पापुद्रा म्हणा की, सर.’’

त्या दिवसापासून त्या हेडफोनचे नाव पापुद्रा पडले.

पापुद्र्याची पाठ बंद होती. आम्हाला तीच हवी होती. ऐकणारा आणि वाचणारा एकाच खोलीत बसणार असतील, तर हेडफोनमधून झिरपलेला आवाज मायक्रोफोन पुन्हा पकडतो. शिवाय इतर वाचकांच्या घरी रेकॉर्डर पिशवीत घालून न्यावा लागे, म्हणून हेडफोनही पिशवीत मावणारा हवा होता. वजनाला मात्र तो भारी होता. ‘‘वरवंटा हाय डोक्यावर,’’ असे आप्पा तासाभराने म्हणत, आणि काढा म्हटले तर काढत नसत.

कोणताही हेडफोन तपासण्याची त्यांची रीत ठरलेली होती. प्रथम काहीही न वाजवता तो कानांवर चढवायचा आणि नुसता श्वास घ्यायचा. बंद पाठीच्या हेडफोनात आपलाच श्वास घुमू लागला, की तो तिथेच बाद. ‘‘ह्याच्यात वाचणारा मडक्यात बसणार,’’ असे म्हणून ते तो परत देत. मग मान झटकन डावी-उजवीकडे फिरवायची. पट्टा सरकला, तरी बाद. मग फीत. आमच्या प्रत्येक फितीच्या सुरुवातीला दहा अंक मोजेपर्यंत कोणी बोलायचे नाही, मायक्रोफोन मात्र चालू ठेवायचा, असा आप्पांनीच घालून दिलेला नियम होता. त्या दहा अंकांत ते सर्वांत जास्त ऐकत. ‘‘आधी खोली, मग माणूस,’’ ते म्हणत. ‘‘खोली कळली नाही तर माणूस हवेत लटकतो.’’ चिठ्ठी न लावलेल्या फिती कोणाच्या घरच्या आहेत, हे ते त्या शांततेवरून सांगत. भुवई किंचित वर जाई आणि ते म्हणत, ‘‘ही तुमची खोली, सर. बाई अजून बोलल्या नाहीत, पण बसल्यात.’’

अशा माणसाचा कान गेला, असे स्मरणिका म्हणते.

मालती दोन हजार सालानंतर थोड्याच वर्षांनी गेली. तिचे शेवटचे पुस्तक अर्धे राहिले होते. उरलेले मी वाचावे, असे आप्पाच म्हणाले. ‘‘तुमच्याच्यानं बाईंसारखं नाही होणार,’’ त्यांनी स्पष्ट सांगितले, ‘‘पण खोली तीच राहील. ऐकणाऱ्याला तेवढा आधार पुरे.’’ मला वाचायला बसायला तीन महिने लागले.

त्याच सुमारास संस्थेला देणगी मिळाली आणि समितीने नवे हेडफोन घ्यायचे ठरवले. चाचणीसाठी दुकानदाराने तीन नग पाठवले होते. ते हलके होते, घडी होणारे होते, दिसायला देखणे होते. फीत माझ्याकडूनच मागवली होती; आदल्या संध्याकाळी वाचलेली, त्या पुस्तकाच्या राहिलेल्या भागाचे पहिले पान. टेबलाभोवती समितीचे चौघे, आप्पा आणि मी.

पहिला नग श्वासातच मडके ठरला. दुसरा मान फिरवताच गळ्यात आला. तिसऱ्यावर त्यांनी पूर्ण पान ऐकले. चिटणीसांना हाच घ्यायचा होता. ‘‘काय बेस आहे, आप्पा! ऐकलात ना?’’

‘‘ऐकला. लग्नाचा बँड चांगला वाजेल ह्याच्यात,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पण सरांचा घसा बसल्यासारखा येतो. सरांचा घसा बसत नाही. सर भांडतात रोज.’’

सगळे हसले. मीही हसलो. मग तुलनेसाठी आप्पांनी पापुद्रा मागितला, चढवला, फीत पहिल्यापासून लावायला सांगितली. मी मनात अंक मोजत होतो. सातव्या अंकाला त्यांनी हात वर केला आणि फीत थांबवायला लावली.

‘‘ही सरांची खोली नाही.’’

‘‘आप्पा,’’ चिटणीस म्हणाले, ‘‘कालच केली आहे. त्यांच्याच घरी. सर समोर बसलेत.’’

‘‘सर हायेत. खोली ती नाही. ही उघडी खोली हाय, भिंती वाजतात हिच्या, रिकाम्या घरासारख्या.’’ मग ते माझ्या दिशेने वळले. ‘‘सर, तुम्हीच सांगा ना.’’

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिले. मी म्हणालो, ‘‘फीत माझ्याच घरी केली. त्याच खोलीत.’’

हे शब्द खरे होते. त्यावर आप्पांनी पापुद्रा काढून टेबलावर ठेवला. समितीच्या एका सदस्याने हळूच कानाला हात लावून मान हलवली. समोरच्याला ते दिसत नाही, या भरवशावर. तिसरा नग मंजूर झाला. पुढील फिती तपासण्यासाठी तरुण माणूस नेमावा, असा ठरावही त्याच बैठकीत, त्याच पेनाने लिहिला गेला.

जिना उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तिसऱ्या पायरीवर ते थांबले.

‘‘सर, काय काढलं खोलीतून?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो.

‘‘बरं.’’

तेवढेच. खाली रस्त्यावर मी त्यांना पापुद्रा घरी नेण्याचा आग्रह केला. ‘‘घरी काय ऐकू त्याच्यात?’’ ते म्हणाले. ‘‘गावच्या कांदाचाळीत भरलेला कांदा?’’ रिक्षात बसताना ते हसले, आणि ते हसणे मला बरे वाटले नाही. पुढच्या रविवारी मी दहा वाजल्यापासून अकरा वाजेपर्यंत पायरीकडे कान लावून बसलो होतो. त्यानंतरच्या रविवारीही बसलो होतो.

निवृत्तीनंतर ते देवळ्याला भावाकडे राहायला गेले. मी दोन पत्रे पाठवली. पुतण्याने वाचून दाखवली असावीत; उत्तर आले ते खुशालीचे. तिसरे पत्र मी चार वेळा लिहायला घेतले. त्यात जे लिहायचे होते ते लिहून होण्याआधीच पुतण्याचा फोन आला की आप्पा झोपेतच गेले. शेवटी कसे होते, असे मी विचारले. ‘‘चांगले होते, लय बारीक ऐकू यायचं त्यांना,’’ तो म्हणाला. ‘‘विहिरीवर मोटार सुरू झाली, की घरातून सांगायचे, पाणी किती खाली गेलंय ते.’’ चिटणीसांनी पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी या पुतण्याला विचारायला हरकत नव्हती.

आता राहिले दुसरे वाक्य: त्यांना खोली ओळखता आली नाही. या वाक्याला पुरावा म्हणून चिटणीस माझीच साक्ष दाखवतात, आणि ती मी दिली होती, हे मी नाकारत नाही. चार माणसांसमोर मला ती वेगळी देता आली नाही. जिन्यात एकट्या आप्पांसमोरही देता आली नाही. आज देतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी, त्याच खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघड्या फळ्यांवर रचलेल्या मालतीच्या सगळ्या साड्या आणि गोधड्या मी शेजारच्या बांधकामावर आलेल्या सुरगाण्याच्या बायकांना देऊन टाकल्या होत्या, आणि ते मी कोणालाही सांगितले नव्हते.