दीड महिन्याची नळी

माझा भाऊ गुणाजी आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीत गाड्या चढवतो. तोंडात शिट्टी, हात वर, "मागं, मागं, बस!" मंगळवारी दिघीला कुठला टेम्पो गेला, कुणाच्या जीपचा आरसा फुटका होता, सगळं त्याला तोंडपाठ. मी त्याची थोरली बहीण कोकिळा. नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहते, आणि घरात शब्द माझाच चालतो.

तीन वर्षांमागं मुंबईला त्याचा मुतखडा काढला. लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून डॉक्टरांनी किडनीपासून खाली आतल्या आत एक नळी ठेवली आणि बजावलं, "दीड महिन्यानं येऊन काढून घ्या. विसरू नका." गुणाजी हसला. म्हणे, मी आणि विसरणार?

दुखणं थांबलं तसा आम्ही हरेश्वराचा नवस फेडला. आमच्याकडे एकदा नवस फेडला की त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर ते परत येतं. आईनं लावलेली रीत. दीड महिना भरला तेव्हा ऐन भातलावणी चालू होती. भावजय दिपाली चिखलात उभ्या उभ्याच म्हणाली, "वन्सं, यांची ती नळी..."

"गप गं! जिभेला काय हाड हाय का न्हाय?" मी खेकसले. गुणाजी तिथंच रोपांच्या जुड्या बांधत होता. त्यानं ऐकलं, आणि जुड्या बांधत राहिला. संध्याकाळी ती फाईल फडक्यात गुंडाळून मीच माळ्यावर टाकली.

पुढं त्याला लघवीला जळजळायचं, कधी लालसर व्हायची. उन्हाचं असेल म्हणून मी धण्याचं पाणी पाजत राहिले. कसली अक्कल माझी! यंदा हुडहुडी भरून तो जेट्टीवरच खाली बसला, तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. नळीवर खड्यांची पुटं चढली होती आणि किडनी कामातून गेली होती. डावी काढून टाकावी लागली.

"तीन वर्षं?" डॉक्टर चिडले. "घरात कुणीच आठवण करून दिली नाही?"

दिपालीनं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाय साहेब," गुणाजी म्हणाला, "मीच इसरलो."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मी तेव्हाही काही बोलले नाही.