टॉवरखालच्या खोलीतला आवाज

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट ठाऊक नाही.

भाईंदरच्या मिठागरांपलीकडे आमच्या रेडिओचा टॉवर आहे. मी भाईंदरातच, इंद्रलोक वस्तीतल्या घरून त्याच्यावर लक्ष ठेवते. फोन लावायचा, आकडे दाबायचे. पॉवर किती, वरचा दिवा चालू की बंद, ते तिकडचं यंत्र सांगतं. एक बटण दाबलं की प्रक्षेपण बंद होतं. दुसरं दाबलं की टॉवरखालच्या खोलीतला आवाज ऐकू येतो. पंखा बिघडला तर कळावं, म्हणून ती सोय. कुणी ऐकतंय हे तिथल्या माणसाला मात्र कळत नाही.

दुपारी मी उगाच ऐकत बसायचे. पंख्याची घरघर, पत्र्यावर खारा वारा — डोळे मिटले की मी तिथेच, पाण्यावर तरंगत असल्यासारखी. यात वाईट काय होतं? तिथे कामाला असलेले नवघरचे काका कधी गुणगुणायचे, कधी बायकोला फोन लावायचे. तेव्हा तरी मी फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही.

एकदा ते तिला म्हणाले, "वर चढलो का डोल्यापुढं अंधारी येते. कुनाला बोलू नको, न्हाय तं घरी बसवतील." मग हसले. "डाक्टरकडं कशाला? वरून त्याचा दवाखाना रोज दिसतो मना."

काय करायचं, ते मला त्याच क्षणी समजलं होतं. पण ऑफिसात सांगितलं असतं, तर — तुला कसं कळलं, हे विचारलं गेलं असतं. मी गप्प राहिले.

काही दिवसांनी यंत्र म्हणालं, टॉवरवरचा दिवा बंद. मी काकांना फोन केला.

"काका, वरचा दिवा गेलाय. बघता का?"

"चाललो ना, मॅडम. तुमी पॉवर बंद करा."

मी बटण दाबून प्रक्षेपण बंद केलं; कुणी टॉवरवर असताना ते चालू ठेवता येत नाही. मग खोलीचा आवाज लावला. दार वाजलं, पावलं लांब गेली. उरला पंखा आणि वारा. त्या संथ आवाजात मी किती वेळ बसून होते? पावलं परतली नाहीत. मिठागरातले कामगार ओरडत खोलीत शिरले, तेव्हा कळलं. काका टॉवरवरून पडले होते. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

नंतर नवघरला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला.

"मॅडम, तुमाला कंदी काय बोलले का ते? चक्कर येते, आसं?"

"नाही, काकू. मला काहीच बोलले नाहीत."

शब्दशः खरं होतं.

काकूंनी पदराला हात पुसले. "मंग मना एकलीलाच म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "मीच कुनाला बोलले न्हाय."

मी चहा संपवला. त्या अजून तसंच समजतात.