ताईची गाडी, पान्याची किल्ली

आमच्या गोल्फ क्लबच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे पान्या म्हणायचे. मागच्या खिशात पाना कायम खोचलेला, आणि कोणाच्या लग्नाला आला तरी पाना बरोबरच. मी तिथलं स्टोअर सांभाळायचो, त्यामुळे नटबोल्ट मागायला तो दिवसातून दहादा माझ्या खिडकीशी यायचा. माणूस कामाला वाघ. इंजिनाचा आवाज लांबून ऐकूनच कुठे काय अडलंय ते सांगायचा. त्याला एकच खोड होती. हातात घेतलेली वस्तू 'झाली' असं काही त्याच्या तोंडून निघत नसे.

त्याला एक थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा आणि ताई पंधराची. ताईने शाळा सोडली, लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहिली, याला वाढवलं आणि गॅरेजमध्ये हाताखाली लावून दिलं. पुढे तिचं लग्न झालं ते एका मधमाश्या पाळणाऱ्याशी. नवरा गेल्यावरही तिने पेट्या सोडल्या नाहीत. गावाच्या कडेला दोघा भावंडांची घरं एकाला एक लागून, मागचं अंगण एकच. तिथून डोंगरावर तीन किलोमीटर गेलं की मोकळ्या माळावर तिच्या बत्तीस पेट्या. वाट म्हणजे नुसते दगडगोटे, मध्ये एक ओढा, त्यामुळे गाडी जायचा प्रश्नच नाही. ताई ढकलगाडी ओढ्यापर्यंत न्यायची आणि तिथून पुढे सामान पाठीवर.

सहासष्टाव्या वर्षी तिचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पण चढ नको आणि ओझं तर नकोच नको. मग पेट्यांकडे बघणार कोण? पान्या एकदा वर जाऊन आला, पण एकच माशी चावली आणि त्याचा चेहरा असा सुजला की आम्ही दोन दिवस त्याला आवाजावरून ओळखत होतो. पुन्हा तो एकटा काही गेला नाही.

त्याच सुमारास क्लबने खेळाडूंना मैदानावर फिरवायला बॅटरीवरच्या नव्या गाड्या घेतल्या आणि पेट्रोलवरच्या जुन्या मोडीत काढल्या. पान्याने त्यातली एक मागून घेतली. घरी नेली, ताईला अंगणात बोलावलं आणि म्हणाला, "दोन महिन्यांत तुला यातून वर नेतो."

ताई पायरीवर बसून गाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, की ही तर हिरवळीवर फिरणारी, साहेब लोकांची गाडी. ओढ्यात बसेल म्हशीसारखी. पान्या हसला. अशा कामासाठीच तर त्याचा जन्म होता.

पहिल्यांदा त्याने गाडीचं छत उतरवलं आणि गोल्फच्या काठ्या ठेवायची मागची चौकट कापून टाकली. तिथे लोखंडी अँगल जोडून पत्र्याचा हौदा बसवला, चार पेट्या शेजारी शेजारी राहतील एवढा. मग गाडी वीतभर उचलली, नाहीतर पोट दगडांना घासलं असतं. खाली जाड नक्षीचे मोठे टायर घातले. मोठे टायर आले तसं इंजिन चढावर धापा टाकायला लागलं, म्हणून त्याने मागचे गिअर बदलले आणि क्लचमध्ये कडक स्प्रिंग घातली. वेग कमी झाला, ओढ वाढली. "पळायचं कोणाला आहे, चढायचंय," तो म्हणायचा. ओढ्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून हवेची नळी सीटच्या पाठीमागून वर काढली आणि इंजिनाच्या पट्ट्यावर आडोसा घातला, कारण पट्टा भिजला की घसरतो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. यातलं निम्मं सामान मीच स्टोअरच्या भंगारातून शोधून दिलं होतं, म्हणून एवढं पाठ आहे.

चार महिने झाले. गाडी चढत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला म्हटलं, की ने की रे आता तिला. तर म्हणाला, ब्रेक राहिलेत. आणि ते खोटं नव्हतं. त्या गाडीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, सपाट हिरवळीवर तेवढे पुरतात. उंच केलेली, लादलेली गाडी उतारावर त्यांच्या भरवशावर सोडणं म्हणजे देवावर हवाला. त्याने पुढच्या चाकांना ब्रेक बसवले, ते जमेना, काढले, दुसरे बसवले. त्यात पाच महिने गेले. त्याबद्दल मी त्याला कधी दोष दिला नाही.

पण ब्रेकनंतर त्याने रंगाचं काम काढलं. हौद्याला खाली पडणारी फळी हवी, तिला बिजागरी हवी, ती बिजागरी वाजता कामा नये. पुढे दिवे हवेत, दिवसाच जायचं असलं तरी. रोज अंगणात ठोकाठोक आणि पायरीवर ताई. ती विचारायची नाही. कधी विचारलंच तर हा म्हणायचा, आठ दिवस. ते आठ दिवस वाढत वाढत वर्षाच्या पुढे गेले.

पहिल्यांदा ती वर गेली तेव्हा चौदा महिने उलटले होते. गाडीने सुंदर काम केलं, ओढा तर तिने पायवाट असल्यासारखा ओलांडला. पण वर बत्तीसपैकी तेरा पेट्या मेल्या होत्या. आत मेणकिड्याची जाळी, चौकटी पोकळ, माश्यांचा नुसता भुसा. ताईने झाकणं काढून एकेक पेटी पाहिली. मग पदर खोचला आणि साफ करायला बसली. पान्या मला म्हणाला होता, की तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचं वर्ष मात्र चांगलं गेलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो तिला वर न्यायचा, स्वतः लांब झाडाखाली जाळी पांघरून बसायचा. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. पेट्या पुन्हा पंचवीस झाल्या. तेव्हाच कधीतरी ती म्हणाली, की मला शिकव ना चालवायला. माझं मी जाऊन येईन, तुला दर वेळी खोळंबा नको.

पान्याने ते हसण्यावारी नेलं. सीट त्याने स्वतःच्या लांब पायांच्या मापाने ठोकून बसवली होती, तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. म्हणाला, सीट सरकवू मग बघू. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, ओढ्याच्या उतारावर अजून मलाच भरवसा नाही. तिसऱ्यांदा म्हणाला, "मी आहे ना. तुला कशाला हवाय तो ताप?" त्यानंतर तिने विचारलं नाही. किल्ली त्याच्या मागच्या खिशात, त्या लोखंडी पान्याच्या शेजारी.

एव्हाना गाडीचं नाव झालं होतं. डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करणारी एक हौशी मंडळी होती, त्यांनी गाडी पाहिली आणि दगड, फळ्या, पाण्याचे कॅन वर न्यायला पान्याला बोलावलं. नुकताच निवृत्त झालेला माणूस. कोणी बोलावलं, कोणी गाडीभोवती फिरून 'हे तुम्ही स्वतः केलंत?' विचारलं, की तो हरखायचा. मीही त्याला चिडवायचो की आता व्हिजिटिंग कार्ड छाप.

मग तो आठवडा आला. डोंगर फुलला होता, ऊन चढलं होतं. मंगळवारी ताईने पेट्या उघडल्या तर बऱ्याच पेट्यांत नव्या राण्यांची घरं बांधलेली. म्हणजे जागा कमी पडतेय आणि माश्या आता जुनी राणी घेऊन उडणार. यावर उपाय एकच, रिकाम्या पेट्या नेऊन लगेच वाटणी करायची. ती म्हणाली, उद्याच परत येऊ. पान्याने बुधवार-गुरुवार त्या पायवाटवाल्यांना कबूल केले होते.

"शुक्रवारी येतोच आहोत ना," तो म्हणाला. "दोन दिवसांत कुठे जातायत त्या?"

"माश्यांना वार कळत नाहीत रे," ती म्हणाली.

तो गेला. दोन दिवस दगड वाहिले, कौतुक ऐकलं. गुरुवारी ताई काठी घेऊन एकटीच निघाली होती, हे त्याला नंतर शेजारणीकडून समजलं. ओढ्यापर्यंत पोचली, तिथल्या दगडावर तासभर बसली आणि परत फिरली.

शुक्रवारी वर गेले तर नऊ पेट्या निम्म्याहून रिकाम्या. थवे उडून गेले होते. ताईने झाकणं परत लावली आणि म्हणाली, चल. पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं, की डोंगरापलीकडे एक शाळेतल्या बाई आहेत, त्यांनाही माश्यांचा नाद आहे, उरलेल्या सगळ्या पेट्या मी त्यांना देतेय. त्या तिकडच्या रस्त्याने टेम्पो आणतील, आणि माणसं पेट्या उचलून टेम्पोपर्यंत नेतील.

पान्याने खूप समजावलं. पुढच्या वर्षी असं होणार नाही, मी कुठेही जाणार नाही, रोज नेतो म्हणशील तर रोज नेतो. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"तू गाडी माझ्यासाठी केलीस," ती म्हणाली. "पण मला दिली नाहीस."

आवाज तिने चढवलाच नव्हता.

पेट्या गेल्या. त्यानंतरच्या रविवारी पान्याने सीट उखडली, चार बोटं पुढे घेऊन पुन्हा बसवली, पेडलवर लाकडाचे ठोकळे लावले. या कामाला त्याला सकाळचे दोन तास लागले. ताईला म्हणाला, चल, शिकवतो. ती नको म्हणाली. त्याने फारच लावून धरलं तेव्हा आली. क्लबच्या मागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये घेऊन गेला.

निवृत्त झाला तरी तो स्टोअरच्या खिडकीशी यायचाच; हे सगळं त्याने मला दुसऱ्या दिवशी तिथेच उभं राहून सांगितलं. पेडल दाबलं की इंजिन सुरू, सोडलं की बंद, एवढंच तर होतं. ती पहिल्यांदा दचकली, मग सरळ चालवायला लागली. वळण घेतलं, मागे घेतली, उतारावर थांबवून दाखवली. ब्रेक तर त्याच्यापेक्षा हलका मारत होती. लॉन्ड्रीत तीस किलोच्या गाठोड्यांच्या ट्रॉल्या वर्षानुवर्षं वळवलेली बाई ती.

"चाळीस मिनिटं लागली," तो म्हणाला. "मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं."

खाली उतरताना ताईने डोळ्यांवर आलेले केस मागे सारले आणि म्हणाली होती, "कठीण नव्हतं रे." त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच नवल वाटलं होतं. मग वाळत घातलेले कपडे काढायचेत म्हणून ती घाईने घरी गेली. पान्याने तिला विचारलं होतं, कुठे जायचंय सांग, गाडी आता तुझीच. ती म्हणाली, आता कुठे जाऊ?

गाडी आजही त्यांच्या अंगणात उभी आहे. क्वचित ताई कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेते, कुंड्यांसाठी मातीचं पोतं आणते. त्या शाळेतल्या बाई मधाची बाटली घेऊन येतात आणि एकदा पेट्या बघायला या म्हणतात. ताई बाटली घेते, माश्यांची चौकशी करते आणि येईन कधीतरी म्हणते. पायवाटवाल्यांचे निरोप पान्याने घेणं बंद केलं. मी एकदा त्याला म्हटलं, की तू काही वाईट मनाने केलं नाहीस. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, म्हणूनच कोणाला सांगता येत नाही.

त्या चाळीस मिनिटांचं सांगितलं त्या सोमवारी तो माझ्याकडे काही मागायला आलाच नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी आतलं स्टूल बाहेर काढून दिलं. बेअरिंगांच्या खोक्यांना टेकून तो बसला. मी यादी तपासत राहिलो, आणि शटर ओढायची वेळ झाली तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो.